जुन्या मेनफ्रेम कंपायलरचे नमुना प्रोग्राम जपायचेत? मग आधी साफसफाई थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे, की आयबीएमच्या सिस्टम/३६० या मेनफ्रेमच्या काळातले कंपायलरचे (म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे) नमुना प्रोग्राम हाताशी आलेत, फोरट्रान या भाषेतले जास्त, थोडे अल्गोल आणि पीएल/वन या भाषांतले. काही पंच कार्डांवर, काही एका टेपच्या इमेजमध्ये (टेपवरच्या बाइटची जशीच्या तशी कॉपी), आणि काहींचे नुसते प्रिंटआउट उरलेत. तर हे सगळं यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंकेतात आणून, उजवीकडचे नंबर उडवून, इंडेंट करून, चुका दुरुस्त करून आणि आजच्या कंपायलरवर चालतंय का ते बघून ठेवून द्यावं का?

नका करू. म्हणजे करा, पण सगळ्यात शेवटी आणि कॉपीवर. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझ्या हातून जे नुकसान झालंय ते जवळजवळ सगळं "जरा नीटनेटकं करू" म्हणताना झालंय. कार्डं कुजली, टेप चिकटली वगैरे प्रकार होतातच, पण त्याहून जास्त माती माणूस एडिटर उघडून करतो.

कारण असं आहे बघा. अल्गोरिदम काय ते कुठल्याही पुस्तकात सापडेल, वर्गमूळ काढायचा प्रोग्राम हरवला म्हणून जगाचं काही अडत नाही. नमुना प्रोग्रामची किंमत यात असते की त्या ठराविक कंपायलरला, त्या ठराविक लेव्हलला, म्हणजे आवृत्तीला, हे असं दिलं की तो असं बोलायचा. म्हणजे प्रोग्राम, त्याच्या पुढेमागे लावलेली जेसीएलची (प्रोग्राम कसा चालवायचा ते मशीनला सांगणारी) कार्डं, डेटा कार्डं, आणि कंपायलरने छापलेलं लिस्टिंग, हा सगळा मिळून एक नमुना. यातलं नुसतं सोर्स तेवढं ठेवलं तर फोनवरच्या बोलण्यातली एकच बाजू रेकॉर्ड केल्यासारखं होतं.

आता कार्डांपासून सुरू करतो. रबर बँड काढायच्या आधी गठ्ठ्याचा फोटो काढा, वरच्या कडेचा नक्की. त्या कडेवर बऱ्याचदा पेनाने एक तिरकी रेघ मारलेली असते, गठ्ठा हातातून पडला तर क्रम परत लावता यावा म्हणून, आणि ती रेघ मधेच तुटलेली दिसली की समजायचं तिथे नंतर कोणीतरी कार्डं घुसवलीत किंवा बदललीत. ही माहिती दुसरीकडे कुठेही नसते, एकदा गठ्ठा विस्कटला की गेलीच. कार्डांचा रंग, कोपरा कापलेला आहे का, छापील हेडिंग काय आहे, तेही फोटोत येऊ द्या.

कार्डाच्या वर छापलेली अक्षरं बघून टाइप करत बसू नका. पुरावा म्हणजे भोकं. रिप्रोड्यूसर या नक्कल काढणाऱ्या मशीनमधून काढलेल्या कॉपीवर वर काहीच छापलेलं नसतं, आणि ५५७ इंटरप्रिटर या भोकं वाचून अक्षरं छापणाऱ्या मशीनमधून काढलेल्या कार्डावर एका ओळीत ६० च अक्षरं बसतात, म्हणजे छापलेलं अक्षर ज्या कॉलमच्या वर दिसतंय त्या कॉलमचं नसतंच. फोटोवरून भोकं वाचणारी सॉफ्टवेअर्स आहेत, किंवा स्वतः लिहा, अवघड नाही. कार्ड म्हणजे शेवटी ८० कॉलम गुणिले १२ ओळी, ९६० जागा, भोक आहे किंवा नाही. ते जसंच्या तसं, दर कॉलमला १२ बिट असं साठवा. अक्षरात रूपांतर ही पुढची पायरी, आणि ती वेगळ्या फाइलमध्ये.

एवढा आग्रह का, तर भोकांचा अर्थ कुठल्या पंचिंग मशीनवर काम झालं त्यावर बदलतो. ०२६ हे जुनं मशीन, १९४९ चं, आणि ०२९ हे १९६४ चं, सिस्टम/३६० सोबत आलेलं. अक्षरं आणि आकडे दोन्हीकडे सारखेच, पण चिन्हांची भोकं वेगळी. ०२६ वर पंच केलेलं फोरट्रान तुम्ही ०२९ च्या टेबलने वाचलंत की अधिकचं चिन्ह & दिसतं, बरोबरचं # दिसतं, उघडणारा कंस % आणि बंद होणारा कंस < होतो. म्हणजे "एक्स = ए + (बी - सी)" हे "एक्स # ए & %बी - सी<" असं येतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं फाइल करप्ट आहे, आणि तो बसतो फाइंड-रिप्लेस करायला. करप्ट काही नसतं! त्या काळी हा घोळ इतका नेहमीचा होता की फोरट्रानच्या जी आणि एच दोन्ही कंपायलरला बीसीडी नावाचा ऑप्शनच दिलेला होता, तो लावला की ते ही जुनी भोकं बरोबर समजून घ्यायचे. आणि नमुन्याच्या जेसीएलमध्ये तो ऑप्शन लिहिलेला असतो. तुम्ही चिन्हं "दुरुस्त" केलीत आणि जेसीएल तसंच ठेवलंत, तर आता दोघांचा एकमेकांशी मेळ नाही आणि का नाही ते कळायला पुढच्या माणसाला आठवडा जाईल.

टेपच्या बाबतीत, इमेज आधीच निघाली आहे हे फार बरं, कारण खरी टेप असती तर चिकटलेली कोटिंग, मंद आचेवर तासनतास भाजणं वगैरे वेगळंच प्रकरण सुरू झालं असतं. पहिलं काम, इमेजचा शा-२५६ (फाइलमध्ये काही बदललं की बदलणारा खुणेचा आकडा) काढा आणि फाइल रीड-ओन्ली करा. दुसरं, ती इमेज कुठल्या फॉरमॅटमध्ये आहे ते बघा. सिमएच या एम्युलेटरच्या (जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) टॅप फॉरमॅटमध्ये प्रत्येक ब्लॉकच्या आधी आणि नंतर ४ बाइटमध्ये त्याची लांबी लिहिलेली असते, आणि लांबी शून्य असेल तर तो टेप मार्क, म्हणजे फाइल संपल्याची खूण. एडब्ल्यूएस फॉरमॅटचा हेडर वेगळा. दोन्हीत ब्लॉकच्या सीमा टिकतात, आणि त्या टिकल्याच पाहिजेत. कोणीतरी हुशारी करून सगळे ब्लॉक जोडून एकच सलग फाइल दिली असेल तर मूळ इमेज मागून घ्या.

टेपला लेबलं असतील तर तीही ठेवा, फेकू नका. व्हीओएल१, एचडीआर१, एचडीआर२ अशी ८० बाइटची रेकॉर्डं असतात. एचडीआर१ मध्ये डेटासेटचं नाव आणि बनवल्याची तारीख असते, वर्ष आणि वर्षातला दिवस अशी, म्हणजे ७१०४५ असेल तर १९७१ सालचा ४५ वा दिवस, १४ फेब्रुवारी. एचडीआर२ मध्ये रेकॉर्ड आणि ब्लॉकची लांबी. कुठला नमुना आधीचा कुठला नंतरचा हे ठरवायला बऱ्याचदा तेवढाच एक धागा मिळतो.

(जाता जाता एक गंमत. १६०० बीपीआयच्या, म्हणजे इंचाला १६०० बाइटच्या टेपवर ८० बाइटचं एक कार्ड ०.०५ इंच जागा घेतं आणि दोन ब्लॉकमधली मोकळी जागा ०.६ इंच असते. म्हणजे ब्लॉकिंग न करता, एकेक कार्डाचा वेगळा ब्लॉक करून कार्डं टेपवर टाकली असतील तर टेपवर बहुतेक रिकामी जागाच आहे. २४०० फुटांच्या आख्ख्या रिळावर अशी ४४ हजारांच्या आसपास कार्डं, साडेतीन मेगाबाइट. इमेज लहान निघाली म्हणून काही हरवलंय असं लगेच समजू नका.)

टेपवर सोर्सच्या मधोमध ऑब्जेक्ट डेक, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या मशीन कोडचे गठ्ठे, लपलेले असतात हेही लक्षात ठेवा. ओळखायची खूण म्हणजे रेकॉर्डचा पहिला बाइट हेक्स ०२ आणि पुढे ईएसडी, टीएक्सटी, आरएलडी, ईएनडी अशी अक्षरं. पूर्ण फाइल एका दमात एबसडिकमधून (या मेनफ्रेमचा अक्षरसंकेत) आस्कीत (आजच्या संगणकांचा) ओतली की हे डेक मेले. आणि गंमत म्हणजे सोर्स छान वाचता येतो म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही, पाच वर्षांनी कोणीतरी लिंक करायला जातो तेव्हा कळतं.

आता अक्षरांच्या रूपांतराबद्दल, कारण खरा चिखल इथेच आहे. "एबसडिक" म्हणून एकच काही टेबल नाहीये. त्याची वेगवेगळी टेबलं, म्हणजे कोड पेज आहेत. कोड पेज ०३७ मध्ये हेक्स ५एफ म्हणजे ¬, पीएल/वनमधलं "नाही"चं चिन्ह. तोच बाइट १०४७ मध्ये ^ आहे. चौकोनी कंस ०३७ मध्ये बीए आणि बीबी वर, १०४७ मध्ये एडी आणि बीडी वर. आणि तुम्ही जर सहज हाताशी आहे म्हणून युनिक्सच्या डीडी कमांडने आस्की केलंत तर तिचं टेबल आणखीनच तिसरं. पीएल/वनमध्ये ¬ आणि | पावलोपावली येतात, त्यामुळे एका चुकीच्या टेबलने सगळा संग्रह नासतो. म्हणून वाचायची कॉपी काढताना कुठलं टेबल वापरलं ते लिहून ठेवा, आणि काढलेली कॉपी त्याच टेबलने उलटी फिरवून मूळ बाइट परत तसेच्या तसे येतात का ते तपासा. येत नसतील तर ते टेबल बाद.

दुसरं, त्या वेळी प्रिंटरवर आणि पंचवर सगळीच चिन्हं असायची असं नाही, म्हणून भाषांची पण वेगळी लिखावट होती. पीएल/वनचा ४८ अक्षरांचा संच होता, त्यात अर्धविराम नव्हताच, त्याच्या जागी स्वल्पविराम आणि टिंब लागोपाठ लिहायचे, आणि मोठं-लहानच्या चिन्हांऐवजी जीटी, एलटी. सिस्टम/३६० च्या अल्गोल एफ कंपायलरमध्ये 'बिगिन', 'एंड', 'रिअल' हे शब्द दोन्ही बाजूंनी एकेरी अवतरणचिन्हात घालावे लागायचे, आणि ॲरेचे कंस (/ /) असे. आजच्या डोळ्याला हे कुरूप वाटतं आणि हात शिवशिवतात, पुस्तकात अल्गोल कसं सुंदर ठळक छापलेलं असतं तसं करावं म्हणून. पण त्या कंपायलरला कळणारं अल्गोल हेच. तुम्ही सुंदर केलंत की ते कुठल्याच कंपायलरचं उरत नाही.

हे फक्त एका कंपनीच्या मशीनपुरतं नाहीये, पुढेमागे तुमच्याकडे कंट्रोल डेटा (सीडीसी) या दुसऱ्या कंपनीच्या मशीनचे प्रोग्राम आले तर तिथे याहून मोठा सापळा आहे. सीडीसी ६६०० चा शब्द ६० बिटांचा, अक्षर ६ बिटांचं, म्हणजे शब्दात १० अक्षरं, आणि ओळ संपली हे सांगायला शब्दाच्या शेवटचे १२ बिट शून्य. आता ६४ अक्षरांच्या संचात विसर्गासारखं ते कोलनचं चिन्ह आहे ना, त्याचा कोडच शून्य! म्हणजे दोन कोलन नेमके शब्दाच्या टोकाला आले की मशीनला वाटणार ओळ संपली. पास्कलचा पहिला कंपायलर १९७० च्या सुमारास झुरिकमध्ये याच ६००० मालिकेच्या मशीनवर झाला, आणि पास्कलमध्ये तर कोलन किती लागतात. अशा फाइलमध्ये ओळ अर्धवट दिसली की टायपिंगची चूक समजून जोडू नका, आधी बिट बघा.

उजवीकडचे नंबर, म्हणजे कॉलम ७३ ते ८०. कंपायलर ते वाचत नाही, म्हणून निरुपयोगी वाटतात. मी पण एका संग्रहाचे हे आठ कॉलम फार पूर्वी उडवून टाकले होते, फाइल कशी हलकी आणि स्वच्छ दिसायला लागली म्हणून खूश होतो. नंतर मूळ प्रिंटआउट हाती आलं तेव्हा दिसलं की पहिल्या चार अक्षरांत प्रोग्रामचं छोटं नाव होतं, पुढे दहा-दहाच्या टप्प्याने आकडे, आणि मधे जिथे १०-२०-३० च्या ऐवजी २३, २६ असे आकडे होते ती सगळी नंतर घातलेली कार्डं. म्हणजे आख्खा बदलांचा इतिहास तिथे होता आणि तो मीच पुसला. तेव्हापासून मी ८० म्हणजे ८० कॉलम ठेवतो, उजवीकडच्या मोकळ्या जागांसकट. मोकळ्या जागाही महत्त्वाच्या, फोरट्रानमध्ये अक्षरांची स्ट्रिंग एका कार्डावरून पुढच्यावर गेली तर ती ७२ व्या कॉलमपर्यंतच्या सगळ्या मोकळ्या जागा धरून जाते, आणि बहुतेक एडिटर सेव्ह करताना त्या गुपचूप कापतात. गिटमध्ये (फाइलच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) ठेवणार असाल तर ॲट्रिब्यूट लावून त्याला सांगा की या फाइलच्या ओळींच्या शेवटांना हात लावायचा नाही, मूळ फाइल बायनरी समजायच्या.

ज्यांचे फक्त प्रिंटआउट उरलेत त्यांचं काम सगळ्यात किचकट. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, चालवा जरूर, पण त्यावर विश्वास ठेवू नका. शून्य आणि ओ, एक आणि आय, यात तो हमखास मार खातो, आणि रिबन फिकी असेल तर टिंब आणि स्वल्पविराम. टिंब-स्वल्पविरामाची चूक फोरट्रानमध्ये किती महाग पडते ते माहीतच असेल, "डू १० आय = १,१०" हे लूप आहे आणि "डू १० आय = १.१०" लिहिलं तर कंपायलर मोकळ्या जागा सोडून देऊन "डू१०आय" नावाच्या व्हेरिएबलमध्ये १.१० भरतो आणि कुठलीही तक्रार करत नाही. हाताने लिहिलेल्या कोडिंग शीट असतील तर आणखी एक, काही ठिकाणी शून्यावर तिरकी रेघ मारायची पद्धत होती तर काही ठिकाणी ओ अक्षरावर. आधी एखादा शब्द शोधा ज्यात ओ असणारच, गोटू किंवा कॉमन, आणि त्यावरून लिहिणाऱ्याची पद्धत ठरवा.

टायपिंगची खात्री करायला त्या काळचाच उपाय सगळ्यात भारी आहे. पंचिंग झालं की दुसरी ऑपरेटर तीच कार्डं व्हेरिफायरमध्ये घालून तोच मजकूर परत टाइप करायची, भोकाशी जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला खाच पडायची, नाही जुळलं तर चुकलेल्या कॉलमच्या वर. तर दोन माणसांनी एकमेकांचं न बघता टाइप करायचं आणि मग डिफ मारायचा, म्हणजे दोन फाइलमधला फरक काढायचा. एकाच माणसाने दोनदा वाचून तपासण्यात काही अर्थ नाही, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. आणि तुमच्याकडच्या कार्डांवर उजवीकडे ती खाच दिसली तर तेही नोंदवा, म्हणजे तेवढा डेक तेव्हा तपासलेला होता.

आता लिस्टिंग आणि आउटपुट, ज्याकडे लोक कागदाची रद्दी म्हणून बघतात. माझ्या मते सोर्सइतकंच, कधीकधी सोर्सपेक्षा जास्त जपायचं ते हे. वरच्या ओळीत "फोरट्रान फोर जी लेव्हल २१" असं काहीतरी आणि तारीख असते, आणि शेवटी कुठले ऑप्शन लागू होते त्याची ओळ. ती ओळ फार मोलाची, कारण डीफॉल्ट ऑप्शन प्रत्येक जागी सिस्टम बसवताना वेगळे ठरवलेले असायचे, जेसीएलमध्ये काही लिहिलेलं नाही म्हणजे अमुक ऑप्शन होता असं म्हणता येत नाही. प्रिंटआउट स्कॅन करताना समासातल्या पेन्सिलच्या खुणाही येऊ द्या, काळा-पांढरा करून "सुधारू" नका. आणि आउटपुट जर टेपवर फाइल म्हणून असेल तर पहिला कॉलम हा छापायचा नसतो, तो प्रिंटरला दिलेला हुकूम असतो, १ म्हणजे नवं पान, ० म्हणजे एक ओळ सोडून, + म्हणजे त्याच ओळीवर पुन्हा. हा कॉलम कापला की अधोरेखित केलेली शीर्षकं वेगळ्याच ओळीवर जाऊन पडतात.

अपेक्षित उत्तर कुठे लिहिलेलं असेल तर ते आउटपुट नव्हे, ही गफलत करू नका. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथचा "मॅन ऑर बॉय" प्रोग्राम, १९६४ चा, अल्गोल बुलेटिनच्या १७ व्या अंकातला. अल्गोल ६० चे कंपायलर रिकर्शन (प्रोसिजरने स्वतःलाच बोलावणं) आणि नावाने पाठवलेले पॅरामीटर खरंच नीट हाताळतात का हे बघायला काढलेला छोटासा नमुना. त्यात खुद्द नूथने हाताने अंदाज केलेलं उत्तर होतं -१२१, आणि बरोबर उत्तर निघालं -६७. म्हणजे ज्याने प्रोग्राम लिहिला त्यालाच उत्तर चुकलं होतं. आता कोणी संग्रह करताना छापील अपेक्षेशी जुळावं म्हणून प्रोग्राममध्ये फेरफार केला असता तर? म्हणून छापलेली अपेक्षा एक फाइल, त्या वेळच्या मशीनचं आउटपुट दुसरी फाइल, आणि आज तुम्ही एम्युलेटरवर काढलेलं तिसरी. तिन्ही वेगळ्या, आणि नावातच कळलं पाहिजे कुठली कुठली.

बिघडणारे नमुने तर अजिबात दुरुस्त करू नका. एका गठ्ठ्यात मला एक प्रोग्राम मिळाला होता जो उत्तरं बरोबर छापायचा आणि मग दरवेळी आयएचसी२१७आय देऊन मरायचा, म्हणजे डेटा संपला तरी वाचायला गेला. माझ्यासोबत काम करणाऱ्याने भल्या हेतूने रीडमध्ये एंडची लेबल (डेटा संपल्यावर कुठे जायचं ते) घालून तो "बरा" केला. पण त्या वेळी शिकाऊ लोक असंच लिहायचे, कार्डं संपली की प्रोग्राम आपोआप मरतो ना, मग मुद्दाम थांबवायचं कशाला! ते मरणं हाच तिथे कार्यक्रमाचा शेवट होता. पुढे लिस्टिंग सापडलं तर त्याच मेसेजखाली कोणीतरी पेनने बरोबरची खूण केलेली. आम्ही मूळ परत ठेवलं. सिंटॅक्सच्या चुकांचे नमुने तर सोनंच समजा, कंपायलर तक्रार कशी करायचा याचा तेवढाच जिवंत पुरावा. मेसेजच्या पहिल्या तीन अक्षरांवरून कंपायलरही ओळखता येतो, आयजीआय फोरट्रान जी, आयईके फोरट्रान एच, आयईएम पीएल/वन एफ, आयईएक्स अल्गोल, त्यामुळे पानं एकमेकांत मिसळली असतील तर वेगळी काढायला सोपं जातं.

आजच्या कंपायलरवर चालवून बघण्याबद्दल. बघा हौस म्हणून, पण तो निकाल नमुन्याला लावू नका, कारण तिथे काही शांतपणे वेगळं होतं. जुन्या फोरट्रानमध्ये डू लूप निदान एकदा तरी फिरायचंच, फोरट्रान ७७ पासून शून्य वेळाही फिरू शकतं. सबरूटीनमधली व्हेरिएबल्स पुढच्या कॉलपर्यंत तशीच राहायची, आणि बरेच नमुने नकळत त्यावर अवलंबून असतात. सॉर्टिंगचा नमुना असेल तर एबसडिकमध्ये अक्षरं आधी आणि आकडे नंतर, आस्कीत बरोबर उलटं. आणि दशांशाचे आकडे, ३६० चं फ्लोटिंग पॉइंट १६ च्या पायावर चालतं आणि बेरजेत उरलेलं कापून टाकतं, राउंड करत नाही. एक सोपा प्रयोग सांगतो, ०.१ ची हजार वेळा साध्या रिअलमध्ये बेरीज करा. आजच्या मशीनवर साधारण ९९.९९९ येतं, ३६० वर ९९.९९२ च्या आसपास. नमुन्याच्या प्रिंटआउटवर ९९.९९२ दिसलं आणि तुमच्याकडे वेगळं आलं म्हणून कोणी आकडा चुकीचा छापला असं समजलात तर संपलं.

खरी परीक्षा त्याच कंपायलरवर घ्यायची, आणि हे आता घरच्या लॅपटॉपवर होतं. हर्क्युलिस नावाचा एम्युलेटर १९९९ पासून आहे, त्यावर ओएस/३६० ची शेवटची आवृत्ती किंवा एमव्हीएस ३.८जे चालवता येते, आणि फोरट्रान जी आणि एच, कोबोल, अल्गोल एफ, पीएल/वन एफ हे सगळे त्या काळचे कंपायलर त्यात मिळतात. कार्ड रीडर म्हणून फाइल जोडताना एबसडिक हा ऑप्शन द्या म्हणजे मधे कोणी रूपांतर करणार नाही, तुमचे मूळ बाइट थेट कंपायलरच्या तोंडात. जेसीएल मात्र बहुतेक वेळा जसंच्या तसं चालणार नाही, प्रोसिजरची नावं आणि डिस्कची नावं त्या त्या जागेची असतात. तिथे बदल करावाच लागतो, तर मूळ जेसीएल वेगळं ठेवून स्वतःचं वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि काय बदललं ते एका ओळीत नोंदवा. आउटपुट जुन्या लिस्टिंगशी ताडताना तारीख, वेळ, जॉब नंबरच्या ओळी झाकून मगच डिफ मारा, नाहीतर प्रत्येक पानावर फरक दिसेल. कंडिशन कोडही, म्हणजे काम कसं संपलं ते सांगणारा आकडा, जुळला पाहिजे, जुन्याला ४ आला होता आणि तुम्हाला ० आला तर आनंद मानू नका, वॉर्निंग कुठे गेली ते शोधा.

जुळलं तर तशी नोंद करा, नाही जुळलं तरी करा. कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या संगणकशास्त्राच्या मासिकात १९६० पासून अल्गोरिदम छापायचे, टोनी हॉअरचा क्विकसॉर्ट (यादी क्रमाने लावायची पद्धत) १९६१ मधला ६४ नंबरचा, आणि नंतर दुसरे लोक "सर्टिफिकेशन" म्हणून लिहून पाठवायचे, आम्ही अमुक मशीनवर अमुक कंपायलरने चालवला, हे बदलावं लागलं, हे चाललं नाही. प्रत्येक नमुन्यासोबत तशीच दहा-पंधरा ओळींची साधी टेक्स्ट फाइल ठेवा, कुठून आला, कार्ड की टेप की कागद, कोणी कधी वाचला, कुठलं टेबल, कुठल्या लेव्हलच्या कंपायलरवर चालवला, काय जुळलं नाही. भारी मेटाडेटा स्कीमाच्या नादी लागू नका, मी लागलो होतो, फॉर्म भरता भरता कार्डं वाचायची राहिली. फाइलची नावं मात्र मूळ आठ अक्षरी मेंबर नावंच (मेनफ्रेमच्या लायब्ररीत प्रोग्रामला असलेली नावं) ठेवा, कारण एका नमुन्यातून दुसऱ्याचा उल्लेख त्याच नावाने होतो.

सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी एक गोष्ट बघा, जॉब कार्डवर माणसाचं नाव आणि अकाउंट नंबर असतो, आणि पगाराच्या नमुन्यांत कधीकधी खरे पगार. मूळ बाइट स्वतःकडे बंद ठेवा, खुल्या कॉपीत तेवढी अक्षरं त्याच लांबीच्या एक्सने झाका, लांबी बदलली की कॉलम सरकतात. मॅन्युअलमधून उतरवलेल्या नमुन्यांचा हक्क छापणाऱ्याचा असू शकतो, ते आधी विचारून घ्या.

आणि वाचून झालेली कार्डं टाकू नका. उभी, घट्ट दाबून, कोरड्या जागी ठेवा, सैल ठेवली की वाकतात आणि वाकलेलं कार्ड कुठल्याच रीडरमधून जात नाही. रबर बँड परत लावू नका, तो वितळून चिकटतो. रुंद कागदी पट्टी लावा आणि तिच्यावर गठ्ठ्याच्या फोटोचा नंबर लिहा.